आधी जमेची बाजू

माझी भाची ताळगावच्या पठारावर विद्यापीठात एम. ए. करत होती, त्या वर्षीच्या चवथीची गोष्ट. गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली होती, जेवणं आटोपली होती आणि आम्ही सगळे सोप्यावर बसलो होतो. बोलणं देवाधर्मावर आलं तसं मी सवयीनं म्हणालो, "मार्क्स म्हणून गेलाय ना, धर्म ही अफूची गोळी आहे." भाचीनं शांतपणे विचारलं, "मामा, हे त्यानं कुठं म्हटलंय? त्याच्या आधीचं वाक्य काय आहे?"

मला सांगता आलं नाही. फोंडा तालुक्यातल्या एका सहकारी संस्थेत मी वीस वर्षांहून जास्त काळ हिशेब लिहितो. व्हाउचर नसलेली एकही रक्कम मी वहीत चढू देत नाही. हे वाक्य मात्र कॉलेजच्या दिवसांपासून व्हाउचरशिवायच वापरत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी तिनं तो उतारा पाठवला. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या कायद्याविषयीच्या तत्त्वज्ञानावर मार्क्सनं टीका लिहायला घेतली होती, तिची ही प्रस्तावना. १८४४ साली छापलेली. लिहिताना तो पंचविशीत होता. अफूच्या वाक्याआधी तो सांगतो की धार्मिक दुःख हे खऱ्या दुःखाचंच रूप असतं आणि त्या खऱ्या दुःखाविरुद्धची तक्रारही असते. धर्म म्हणजे दडपलेल्या जिवाचा सुस्कारा, काळीज नसलेल्या जगाचं काळीज. आणि मग अफू. त्या काळी युरोपात अफू औषधांच्या दुकानात मिळायची, वेदना थांबवायला लोक ती घ्यायचे, हेही भाचीनं खाली लिहिलं होतं.

तो परिच्छेद मी चार वेळा वाचला. माझी आई शेवटच्या आजारात रात्र रात्र नामस्मरण करायची. त्या माणसाला अशा आयांचं दुःख दिसलं होतं, आणि मी त्याच्याच वाक्यानं आईला अडाणी ठरवत आलो होतो. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. माझ्या वाचनाला खरी सुरुवात तिथून झाली. तोवर मी विचारवंतांविषयी पुष्कळ वाचलं होतं. कोण कुठल्या साली जन्मला, त्याचे विरोधक कोण, त्याचं कुठं चुकलं, हे सगळं तोंडपाठ. त्यांच्या स्वतःच्या पुस्तकांची मात्र पन्नास पानंही सलग वाचलेली नव्हती.

मार्क्सच्या 'कॅपिटल'चा पहिला खंड घरात होता. पूर्वी एका पावसाळ्यात तो हातात घेतला होता. वीस वार कापड बरोबर एक कोट, उपयोगमूल्य, विनिमयमूल्य. तीसेक पानांवर थांबलो आणि खंड कपाटात गेला. म्हणून या खेपेला वाड्यावरच्या मास्तरांना विचारलं. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत त्यांची सगळी हयात गेली. ते म्हणाले, "अरे, तुला जे ठाऊक आहे त्यावर कुणी लिहिलंय का ते आधी बघ. तिथं तो माणूस चुकला तर तुला कळेल, आणि खरा ठरला तर तेही कळेल. मग त्याच्याबरोबर पुढं जा."

हा सल्ला मी तेव्हापासून जो विचारील त्याला देतो. मोठ्या माणसाच्या सगळ्यात प्रसिद्ध पुस्तकापासून सुरुवात करायची गरज नसते. आपल्या अंगणातून जाणारी वाट धरावी.

माझ्या अंगणातून जाणारी वाट दामोदर धर्मानंद कोसंबी यांची होती. जन्म १९०७ चा, गोव्यातल्या कोसबेंचा. पेशानं गणिती. जुन्या आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, नाण्यांची वजनं करून, ती वापरात किती झिजली त्यावरून इतिहास वाचणारा माणूस. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. या संस्थेची स्थापना १८३२ ची, इमारत आताची. शनिवारी फोंड्याहून बस धरायची, कदंबा स्टँडवर उतरायचं, चालत ग्रंथालय गाठायचं आणि बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसायचं, असा क्रम मी लावून घेतला. तिथं 'मिथ अँड रिॲलिटी' हे १९६२ चं पुस्तक घेतलं आणि त्यातलं गोव्याच्या गावकीवरचं, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक जमिनीच्या व्यवस्थेवरचं, प्रकरण आधी उघडलं.

परशुरामानं बाण मारून समुद्र मागे हटवला आणि ही भूमी वसवली, ही कथा गोव्यातल्या प्रत्येक मुलानं ऐकलेली असते. कोसंबी त्या कथेसमोर इथली जमीन मांडतात, खारं पाणी मांडतात, भातशेती, गावकऱ्यांचे सामायिक हक्क आणि गावोगावच्या लोकांचा सरमिसळ पसारा मांडतात. लिहिताना त्यांच्यासमोर तिसवाडी, बारदेस, साष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेले महाल, होत्या. आमचा अंत्रुज महाल, म्हणजे फोंडा, नव्या काबिजादींतला. म्हणून मी पानापानावर ताडून बघत होतो. आमच्या गावात खाजन आहे, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन, आणि पाणी आतबाहेर सोडायचं दार, मानस आहे. बांध फुटला की वडील हातातलं काम टाकून धावायचे, कारण एकाच्या शेतात खारं पाणी शिरलं की सगळ्यांचं शेत जायचं. सामायिक मालकी म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायची मला गरज नव्हती. त्या चिखलाला एवढा मोठा इतिहास आहे हे मात्र मला कोसंबींनी दाखवलं. दोनतीन ठिकाणी मला वाटलं, आमच्याकडे असं नव्हतं. तेही वहीत लिहून ठेवलं.

हा लेख पहिल्यांदा १९४७ साली छापला गेला तेव्हा त्याच्या मथळ्यातच 'इतिहास विरुद्ध स्कंदपुराण' असे शब्द होते. परशुरामाची कथा ज्यात येते ते सह्याद्रिखंड स्कंदपुराणाचाच भाग मानलं जातं. त्या 'विरुद्ध' या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. म्हणजे हा माणूस एकटा बोलत नाही. समोर कुणीतरी आधीच काही बोलून गेलंय आणि हा त्याला उत्तर देतोय. समोरच्याचं म्हणणं ठाऊक नसेल तर उत्तर कितीही नीट वाचा, अर्धंच कळतं. टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसाशेजारी बसल्यासारखं होतं.

त्यानंतर कुठलंही पुस्तक उघडलं की पहिला प्रश्न हाच: हा कुणाला उत्तर देतोय?

पण कोसंबींनी मला लगेच अडवलंही. त्याच पुस्तकाचा पहिला निबंध भगवद्गीतेवर आहे. आमच्या घरी चातुर्मासात ज्ञानेश्वरी वाचली जायची. कोसंबी लिहितात की गीतेत एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी जुळवून घेण्याची सोय आहे, म्हणून ती इतकी टिकली. आणि भक्तीची शिकवण सरंजामी समाजाला धार्जिणी होती, कारण धन्याशी निष्ठा आणि देवाशी निष्ठा यांची घडण एकच. मला राग आला. मी पुस्तक परत केलं आणि तीन महिने त्या वाटेला गेलो नाही.

राग ओसरला तो मास्तरांशी भांडता भांडता. मी तावातावानं कोसंबींना खोडत होतो. मास्तर ऐकून घेत होते. मग म्हणाले, "त्याचं म्हणणं काय ते आधी सांग. असं सांग की तो इथं बसला असता तर त्यानं मान डोलावली असती." मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला फक्त माझा राग सांगता येतोय.

घरी येऊन मी एक कोरी खतावणी काढली. आमच्या जुन्या पद्धतीत डाव्या अंगाला जमा आणि उजव्या अंगाला नावे. जमेच्या बाजूला लेखकाचं म्हणणं, नावेच्या बाजूला माझे आक्षेप. नियम एकच केला: जमेची बाजू पूर्ण झाल्याशिवाय नावे बाजूला पेन टेकवायचं नाही. पूर्ण कधी झाली समजायची? वाचून लेखकानं "हो, हेच म्हणतोय मी" असं म्हटलं असतं तेव्हा.

गीतेवरचा निबंध पुन्हा आणला. जमेची बाजू लिहायला पंधरा दिवस लागले. लिहिताना दिसलं की कोसंबींचा मूळ प्रश्न मी वाचलाच नव्हता. शंकराचार्य, रामानुज, ज्ञानेश्वर, टिळक, गांधी, या सगळ्यांनी एकाच ग्रंथातून इतके वेगळे, कधी उलटे अर्थ काढले. हे एका ग्रंथाला कसं शक्य झालं, आणि ज्या त्या काळातल्या कुठल्या लोकांना त्याची गरज पडली, हा तो प्रश्न. प्रश्न रास्त आहे. माझ्या वडिलांनाही तो रास्त वाटला असता. उत्तराबद्दल माझी तक्रार आजही आहे आणि ती नावे बाजूला पानभर लिहिलेली आहे. माणूस धनी बदलतो, देव बदलत नाही. ही निष्ठा एकाच साच्यातली असती तर मळ्यात राबणारी माझी आजी जमीनमालक भाटकाराला मनातल्या मनात शिव्या देऊन विठ्ठलाला हात जोडत बसली नसती. पण आता मी कोसंबींशी त्यांच्याच प्रश्नावर बोलतो आहे.

या वहीची खरी कसोटी आंबेडकरांपाशी लागली.

'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मी घेतलं ते महाराष्ट्र शासनानं काढलेल्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडातून. भाषणाआधी काही पत्रं छापली आहेत. मी ती ओलांडून पुढं जाणार होतो. भाची म्हणाली, "मामा, पत्रं सोडू नको. सगळं त्यात आहे." तिचं खरं होतं. लाहोरच्या जातपाततोडक मंडळानं आंबेडकरांना १९३६ च्या अधिवेशनाचं अध्यक्ष म्हणून बोलावलं. त्याआधी, ऑक्टोबर १९३५ मध्ये, येवल्याला त्यांनी जाहीर केलं होतं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. भाषणाचा मसुदा पोचल्यावर मंडळाचे लोक घाबरले. शास्त्रांवरचा आणि धर्मावरचा भाग गाळा म्हणाले. आंबेडकरांनी कळवलं, एक स्वल्पविरामही बदलणार नाही. अधिवेशन रद्द झालं. मे १९३६ मध्ये त्यांनी ते न झालेलं भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं, दीड हजार प्रती. गांधींनी 'हरिजन'मधून त्यावर लिहिलं. पुढच्या आवृत्तीत आंबेडकरांनी गांधींचे लेख पूर्ण छापले आणि त्यांना उत्तरही छापलं.

हे सगळं कळल्यावर भाषणाचा आवाज बदलतो. समोर जातीचे कट्टर राखणदार बसलेले नाहीत. समोर सुधारक आहेत, जात मोडायला निघालेले सज्जन लोक. आंबेडकर त्यांना विचारतात, तुम्ही कुठपर्यंत यायला तयार आहात? सहभोजनानं, चार मिश्र विवाहांनी जात जाणार नाही. ज्या शास्त्रांच्या पावित्र्यावर ती उभी आहे त्या पावित्र्यालाच हात घालावा लागेल. ते ऐकायची त्या सज्जनांची तयारी नव्हती. वाचताना मला कळत होतं की मीही त्या सभेतलाच श्रोता आहे.

एक तपशील हिशेबनीस म्हणून माझ्या मनात रुतून बसला. पुस्तिकेची किंमत आठ आणे होती. गांधींनी आपल्या लेखात सुचवलं की ती दोन आणे, निदान चार आणे करावी. इतका तीव्र मतभेद आणि तरीही हे पुस्तक जास्त लोकांपर्यंत जावं ही इच्छा. त्या आठ आण्यांपाशी मी दोघांनाही माणूस म्हणून पहिल्यांदा बघितलं.

मग ते पान आलं ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलोय. आंबेडकर म्हणतात, पुरोहितपण वंशपरंपरेनं मिळता कामा नये. परीक्षा व्हावी, सरकारी सनद असावी, आणि जो हिंदू पात्र ठरेल त्याला तो व्यवसाय खुला असावा.

मी एका देवस्थानाचा महाजन आहे. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्याकडची बरीच देवळं महाजनांच्या कुळांची असतात, त्यांचा कारभार १९३३ च्या पोर्तुगीज मझानी रेग्युलामेंताप्रमाणे, म्हणजे देवस्थानांच्या नियमावलीप्रमाणे, चालतो, आणि महाजनकी जन्मानं मिळते. यादीत माझं नाव वडिलांच्या नावाखाली आहे. पालखीच्या मानापासून समितीच्या मतापर्यंत सगळं त्या एका ओळीवर उभं आहे. मी ती ओळ कमावलेली नाही. आमच्या देवाची मूर्तीच मुळी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांपासून वाचवून साष्टीतून नदीपार आणलेली. वेलिंगचा लक्ष्मीनृसिंह तसाच सांकवाळहून आलेला, आणि सांकवाळ म्हणजे दामोदर कोसंबींचे वडील धर्मानंद यांचं जन्मगाव. आपल्या पूर्वजांनी देव राखला, याचा अभिमान मला लहानपणापासून आहे. तो खोटा नाही. पण रात्रीतून मूर्ती डोक्यावर घेऊन खाडी ओलांडणाऱ्यांत होडी वल्हवणाराही असणार. त्याच्या नातवंडांची नावं यादीत आहेत का?

जमेची बाजू मी दोन दिवसांत लिहिली. आंबेडकरांचं गद्य इतकं स्वच्छ आहे की ती लिहायला सोपी जाते. नावे बाजू चार महिने कोरी राहिली. रोज वही उघडायचो. काही लिहावं तर जमेच्या बाजूला त्याचं उत्तर आधीच असायचं. 'ही परंपरा आहे' असं लिहिलं आणि खोडलं. 'व्यवस्था नीट चालते' असं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी एक ओळ राहिली: सनद देणारं सरकारच पक्षपाती निघालं तर? हा आक्षेप मला अजून खरा वाटतो. पण तो सरकारवरचा आक्षेप आहे, माझ्या महाजनकीची बाजू त्यानं सावरली जात नाही. त्या वर्षी पालखीला खांदा देताना माझं लक्ष पहिल्यांदाच दीपस्तंभापाशी हात बांधून उभ्या असलेल्या माणसांकडे गेलं. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडला. फार कुणी ऐकून घेतलं नाही. पुन्हा मांडणार आहे.

लोक विचारतात, इतकं सावकाश वाचून किती पुस्तकं होणार? माझी वर्षाला तीन होतात. चौथं झालं तर भाग्य.

गांधींचं 'हिंद स्वराज' पातळ आहे, मला वाटलं आठवड्यात होईल. १९०९ च्या नोव्हेंबरात, लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर दहा दिवसांत गुजरातीत लिहिलेलं. उजवा हात दमला की डाव्या हातानं. त्यात वाचक आणि अधिपती यांचा संवाद आहे, म्हणजे समोरचा माणूस शोधायचे कष्ट गांधींनी ठेवलेच नाहीत. तो वाचक उतावीळ आहे, इंग्रजांना बळानं हाकलायला निघालेला. लंडनमध्ये गांधींना भेटलेल्या तरुणांचा आवाज त्यात आहे. ते ध्यानात ठेवलं तर डॉक्टर, वकील, रेल्वे यांच्यावरची प्रकरणं वेगळी वाचता येतात. तरी डॉक्टरांच्या प्रकरणात मी अडलोच. माझ्या बायकोचा जीव शस्त्रक्रियेनं वाचलाय. त्या प्रकरणाला माझी नावे बाजू भरगच्च आहे आणि मला तिची लाज वाटत नाही. पूर्ण मान देऊन वाचलं म्हणजे पूर्ण पटलंच पाहिजे असं नसतं. गांधींनीच १९३३ साली लिहून ठेवलंय की माझ्या दोन लिखाणांत विसंगती दिसली तर नंतरचं धरा. तेव्हापासून मी प्रत्येक उताऱ्यापुढं साल लिहितो. मार्क्स असो, आंबेडकर असो, पंचविशीतलं आणि पन्नाशीतलं एकाच सुतळीत बांधायचं नाही.

भाषांतराचाही एक धडा मिळाला. सिमोन द बोव्हुआर या फ्रेंच लेखिकेचं बाईच्या स्थानावरचं 'द सेकंड सेक्स' मूळ फ्रेंचमध्ये १९४९ चं. भाचीनं जुनं इंग्रजी भाषांतर आणून दिलं होतं, १९५३ चं. ते एका प्राणिशास्त्रज्ञानं केलेलं आणि त्यात बराच मजकूर गाळलेला. पूर्ण भाषांतर २००९ मध्ये आलं. जिथं मला वाटलं होतं की बाई मध्येच उडी मारते, तिथं उडी तिची नव्हती, पानं कापलेली होती. तेव्हापासून पुस्तक विकत घेण्याआधी भाषांतर कुणाचं, कुठल्या सालचं आणि पूर्ण आहे का, हे बघतो.

आता 'कॅपिटल'. त्या कपाटातल्या खंडाकडे मी परत कसा गेलो ते सांगतो, कारण तिथंच अडकलेले पुष्कळ जण मला भेटतात. १८६७ च्या नोव्हेंबरात, पुस्तक आलं त्याच वर्षी, मार्क्सनं हॅनोव्हरच्या डॉक्टर कुगेलमान यांना पत्र लिहिलं. तुमच्या पत्नीला सांगा, त्यांनी आधी कामाच्या दिवसावरचं प्रकरण वाचावं, मग सहकार्य, श्रमविभागणी आणि यंत्रं यांवरची, मग आदिम संचयाचं, म्हणजे भांडवल मुळात कसं जमलं त्याचं. म्हणजे खुद्द लेखकाला ठाऊक होतं की सुरुवात अवघड आहे, आणि त्यानं बाजूची वाट दाखवून ठेवली होती. मला हे पत्र आधी सापडलं असतं तर माझी काही वर्षं वाचली असती.

मी त्या वाटेनं गेलो आणि सीनियरच्या 'शेवटच्या तासा'पाशी बसकण मारली. नासाउ सीनियर हे ऑक्सफर्डचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १८३७ साली गिरणीमालकांच्या बाजूनं त्यांनी हिशेब मांडला. कामाचा दिवस साडेअकरा तासांचा, म्हणजे तेवीस अर्धे तास. पहिले वीस भांडवल भरून काढतात, एकविसावा इमारत आणि यंत्रांची झीज भरून काढतो, उरलेल्या दोन अर्ध्या तासांत निव्वळ नफा. तेव्हा दिवस एका तासानं कमी केलात तर नफा शून्य.

मार्क्सचं उत्तर वाचण्याआधी मी पुस्तक मिटलं आणि कागद घेतला. हा तर माझाच प्रांत. अर्धा तास आकडे मांडल्यावर चूक सापडली: तास कमी झाला तर कापूसही कमी लागेल, यंत्रही कमी झिजेल. खर्च पूर्ण दिवसाचा धरायचा आणि उत्पन्न कमी दिवसाचं, असा ताळेबंद मी माझ्या हाताखालच्या मुलालाही करू दिला नसता. पान उलटलं. मार्क्स तेच म्हणत होता, आणि त्याच्या पुढंही जात होता: मजूर कापसाची जुनी किंमत सुतात उतरवतो आणि नवी किंमत घालतो ती एकाच श्रमानं, एकाच वेळी, तासांची अशी वाटणी होतच नाही. दहा तासांचा कायदा १८४७ मध्ये झाला, गिरण्या चालूच राहिल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. ज्या माणसाला मी देव्हाऱ्यात किंवा आरोपीच्या पिंजऱ्यात ठेवत आलो, त्याच्या शेजारी बसून मी एक बेरीज तपासली होती.

नगावरच्या मजुरीचं प्रकरण मात्र मी एकट्यानं वाचलं नाही. माझा मेहुणा डिचोलीकडचा. २०१२ मध्ये खाणकाम थांबेपर्यंत तो खनिजाचा टिप्पर चालवायचा, पैसे ट्रिपवर. एका रविवारी मी ते प्रकरण त्याला सांगायला बसलो. घरात आम्ही कोकणी बोलतो, वाचतो मराठी, आणि हे पुस्तक इंग्रजीत. म्हणजे तीन भाषांतून वाट काढायची. पण यातून एक चांगली कसोटी हाती आली: जे मला कोकणीत, स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा शब्दांत सांगता येत नाही, ते मला समजलेलं नाही. 'श्रमाची तीव्रता' म्हणून भागत नाही. काय ते सांगावं लागतं.

मी सांगितलं: नगावर पैसे मिळाले की मजूर आपणहून जोर लावतो, मुकादमाची गरज उरत नाही, आणि सगळेच जोर लावू लागले की तोच जोर नेहमीचा ठरतो. मेहुणा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आम्हीच एकमेकांशी शर्यत लावायचो रे. कुणी सांगितलं नव्हतं." रस्त्याकडेच्या घरांतली माणसं त्या शर्यतीला किती भ्यायची ते तो बोलला. त्यातल्या एका घरात त्याचीच बहीण राहायची. जाताना त्यानं विचारलं, या प्रकरणाचं मराठी मिळेल का? मी शोधून झेरॉक्स काढून दिली. त्याच्या प्रतीवर आता माझ्यापेक्षा जास्त खुणा आहेत, आणि काही ठिकाणी त्यानं 'असं नव्हतं' असंही लिहिलंय. खनिज नदीतून नेणाऱ्या बार्जवाल्यांचा हिशेब वेगळा असायचा म्हणतो. तो मी लिहून घेतोय.

सध्या आम्ही तिघं, मास्तर, मेहुणा आणि मी, महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' वाचतो आहोत. १८७३ चं. हेही संवादातलं: धोंडीबा विचारतो, जोतीराव सांगतात. पहिले दोन दिवस मी एकटाच दोन्ही आवाज वाचत होतो, पण ते काही रंगेना. मेहुण्यानं जत्रेच्या नाटकांत कामं केलेली आहेत. तो म्हणाला, हे असं वाचायचं नव्हे, हे उभं राहून म्हणायचं. तेव्हापासून मास्तर जोतीराव होतात, मेहुणा धोंडीबा, आणि मी वही घेऊन बाजूला, प्रॉम्प्टरसारखा. धोंडीबाचे प्रश्न मेहुणा खरोखर विचारल्यासारखे विचारतो. मध्येच पुस्तकात नसलेला एखादा स्वतःचाही घालतो, आणि मास्तरांना पुस्तकाबाहेर पडून उत्तर द्यावं लागतं.

परशुरामावरचा भाग परवा सुरू झाला. मी जुनी खतावणी काढून कोसंबींचं पान उघडून ठेवलंय. वाचन मास्तरांच्या सोप्यावर चालतं, दर शुक्रवारी, रात्रीच्या जेवणानंतर. या शुक्रवारी भाची पण येणार आहे.